शब्द घडवणारे तात्याराव सावरकर



टीव्ही कोणाला माहीत नाही? पण टीव्ही या शब्दाचा अर्थ काय असे विचारले की सगळे भिंतीकडे बोट दाखवतात आणि तो बघ तो, असे म्हणतात. ती वस्तू झाली. मी शब्दाबद्दल विचारत होते. गुरुजींनी या महिन्यात थोर माणसाचे चरित्र लिहायला सांगितले, तेव्हा शिवाजी महाराज, सावित्रीबाई आणि बाबासाहेब आधीच दुसऱ्यांनी घेऊन टाकले होते. म्हणून मी शब्दापासून निघाले आणि माणसापर्यंत पोचले.

टीव्ही हे टेलिव्हिजनचे लाडके नाव आहे. टेलि म्हणजे दूर. हा शब्द ग्रीक भाषेतला. व्हिजन म्हणजे पाहणे, तो लॅटिन भाषेतून आला. दोन निरनिराळ्या भाषांचे तुकडे जोडून हा एक शब्द केला आहे, जशी गोधडी करतात तसा. सन १९०० मध्ये फ्रान्स देशात पॅरिसला जगाचे मोठे प्रदर्शन भरले होते. तिथे विजेच्या विषयावर एक परिषद झाली. त्या परिषदेत २५ ऑगस्टला कॉन्स्टंटिन पर्स्की नावाच्या रशियन माणसाने निबंध वाचला, त्यात हा शब्द होता. गंमत म्हणजे तेव्हा बघण्यासारखा टीव्ही कुठेच नव्हता! पुढे जॉन लोगी बेअर्ड या स्कॉटलंडच्या माणसाने लंडनमध्ये आपले यंत्र शास्त्रज्ञांना दाखवले, ते २६ जानेवारी १९२६ रोजी. आपल्याकडे त्या दिवशी झेंडावंदन असतं, म्हणून तारीख चांगली लक्षात राहते. म्हणजे बारसे आधी झाले आणि बाळ २६ वर्षांनी आले.

मराठीत त्याला दूरदर्शन म्हणतात. दूर म्हणजे लांब आणि दर्शन म्हणजे पाहणे. देवळात जातो ते दर्शन, तेच हे. विनायक दामोदर सावरकर यांनी मराठीला दिलेल्या शब्दांची यादी पुस्तकांत छापलेली असते, तिच्यात दूरदर्शन हाही शब्द आहे. सावरकरांना लोक स्वातंत्र्यवीर म्हणतात. जवळची माणसे तात्या किंवा तात्याराव म्हणत. त्यांचेच हे चरित्र.

नाशिकजवळ भगूर नावाचे गाव आहे. तिथे २८ मे १८८३ रोजी त्यांचा जन्म झाला. वडिलांचे नाव दामोदरपंत आणि आईचे नाव राधाबाई. थोरले भाऊ गणेश, त्यांना बाबाराव म्हणत. धाकटे भाऊ नारायण. एक बहीण होती. विनायक नऊ वर्षांचे असताना आई कॉलऱ्याने वारली. १८९९ मध्ये प्लेगची मोठी साथ आली, त्यात वडीलही गेले. त्या वेळी गावेच्या गावे घर सोडून रानात झोपड्या बांधून राहत. मग बाबारावांनीच धाकट्या भावंडांना सांभाळले. विनायकांना वाचायचे फार वेड. हातात येईल ते वाचत आणि कविता करत. लहान वयातच त्यांची कविता पुण्याच्या वर्तमानपत्रात छापून आली होती. (आपली फक्त भिंतीवर येते, पण येते तर खरी.)

आता आपल्या जिल्ह्याची गोष्ट. सावरकरांची सासुरवाडी जव्हारची! त्यांचे सासरे चिपळूणकर हे जव्हार संस्थानचे दिवाण होते. १९०१ मध्ये लग्न झाले. पत्नीचे नाव यमुनाबाई. घरी पैसे नव्हते, म्हणून कॉलेजच्या शिक्षणाला सासऱ्यांनी मदत केली. जव्हार तेव्हा वेगळे संस्थान होते, नंतर ठाणे जिल्ह्यात आले आणि १ ऑगस्ट २०१४ पासून आपल्या पालघर जिल्ह्यात आहे. मी जव्हारला एकदा गेले आहे, पण तेव्हा मला हे माहीत नव्हते.

पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात शिकत असताना १९०५ मध्ये त्यांनी परदेशी कपड्यांची होळी केली. कॉलेजने त्यांना दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढले. त्या काळी दहा रुपये म्हणजे खूप. १९०६ मध्ये ते बॅरिस्टर होण्यासाठी लंडनला गेले. तिथे त्यांनी १८५७ च्या युद्धावर पुस्तक लिहिले. इंग्रज सरकार इतके घाबरले की पुस्तक छापून यायच्या आधीच त्याच्यावर बंदी घातली. बिनवाचलेल्या पुस्तकाला कोणी बंदी घालते का? पण घातली. समुद्रावरची त्यांची कविता आपण रेडिओवर गाणे म्हणून ऐकतो, ती १९०९ मध्ये तिकडेच ब्रायटन गावाच्या किनाऱ्यावर झाली. आपण रोज समुद्र बघतो, आपल्याला त्याचं काय एवढं वाटत नाही. त्यांना त्या पाण्यापलीकडे आपला देश आहे हे दिसत होते.

१९०९ च्या डिसेंबरात नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांचा खून झाला. ते पिस्तूल सावरकरांनी लंडनहून पाठवलेल्या पिस्तुलांपैकी होते, असा आरोप सरकारने ठेवला. मार्च १९१० मध्ये त्यांना लंडनला पकडले. बोटीने हिंदुस्थानात आणताना ८ जुलै १९१० रोजी मार्सेलिस बंदरात ते बोटीच्या लहानशा गोल खिडकीतून अंग आकसून बाहेर निघाले आणि समुद्रात उडी मारून पोहत किनाऱ्याला गेले. ती फ्रान्सची जमीन होती, तिथे इंग्रजांचा कायदा चालत नव्हता. पण शिपाई मागून धावत आले आणि फ्रान्सच्या पोलिसाने त्यांना परत इंग्रजांच्या ताब्यात दिले. हे बरोबर की चूक यावर पुढे हेग गावी मोठ्या न्यायालयात खटला चालला. निकाल इंग्रजांच्या बाजूने लागला. माझे बाबा खलाशी आहेत. ते म्हणतात की बोटीच्या त्या खिडकीतून लहान पोर निघेल, मोठ्या माणसाचे काम नव्हे.

त्यांना दोन जन्मठेपी झाल्या. एक जन्मठेप २५ वर्षांची, म्हणजे दोन्ही मिळून ५० वर्षे. ४ जुलै १९११ रोजी ते अंदमानच्या तुरुंगात पोचले. कैद्याच्या छातीवर बिल्ला असे, त्यावर सुटकेचे साल लिहिलेले होते १९६०. मी वजाबाकी करून पाहिली. १९६० वजा १८८३ बरोबर ७७. म्हणजे सुटतील तेव्हा सत्त्याहत्तर वर्षांचे म्हातारे झाले असते.

त्या तुरुंगाच्या सात लांब इमारती होत्या आणि एकेका कोठडीत एकेकच माणूस. नारळाच्या काथ्या कुटायचे काम, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे तेलाचा घाणा. बैलाच्या जागी माणूस जुंपायचा. रोज ३० पौंड तेल निघालेच पाहिजे. म्हणजे सुमारे साडेतेरा किलो. आपल्याकडे वाड्या नारळाच्या आहेत, त्यामुळे तेवढ्या तेलाला किती खोबरे लागत असेल ते मोठ्यांनी मनात हिशेब करावा. थोरले भाऊ बाबाराव त्यांच्याही आधीपासून त्याच तुरुंगात होते, पण कितीतरी दिवस दोघा भावांना भेटू दिले नाही.

मला सगळ्यांत आवडलेला भाग इथे आहे. कोठडीत कागद नाही, पेन नाही, पेन्सिलही नाही. सावरकरांना तर कविता सुचत. मग त्यांनी काट्याने आणि खिळ्याने भिंतीवर कविता कोरल्या. भिंतीला चुना दिला की सगळे पुसून जायचे. म्हणून लिहायचे, पाठ करायचे, मग पुसले तरी चालेल. अशा हजारो ओळी त्यांनी डोक्यात साठवून ठेवल्या. आपण भिंतीवर लावतो त्याला भित्तिपत्रक म्हणतो. त्यांचे खरेखुरे भित्तिपत्रक होते, पण वाचायला एकच जण आणि लिहिणाराही तोच. ज्या कैद्यांना लिहितावाचता येत नव्हते त्यांनाही ते शिकवत. पुढे तिथे कैद्यांसाठी ग्रंथालयही झाले.

सुटकेसाठी त्यांनी सरकारकडे अर्जही केले होते. त्या अर्जांबद्दल मोठी माणसे अजून भांडतात. चरित्रात ते आहे म्हणून मी लिहिले.

१९२१ मध्ये त्यांना अंदमानातून परत आणले. आधी रत्नागिरीच्या आणि मग येरवड्याच्या तुरुंगात ठेवले. ६ जानेवारी १९२४ रोजी सोडले, पण अटीवर. रत्नागिरी जिल्हा सोडायचा नाही आणि राजकारण करायचे नाही. म्हणजे तुरुंग जरा मोठा झाला एवढेच. असे १३ वर्षे चालले, १९३७ पर्यंत. रत्नागिरीला प्लेग आला तेव्हा ते काही दिवस शिरगावला राहिले होते. हे वाचून मी उडीच मारली. पण ते शिरगाव रत्नागिरीजवळचे आहे, आपले नव्हे.

राजकारण बंद, मग त्यांनी दुसरी कामे काढली. एक काम शाळेचे होते. त्या काळी अस्पृश्य मानलेल्या मुलांना शाळेत वेगळे बसवत, कुठे व्हरांड्यात, कुठे दाराबाहेर. सगळ्या जातींची मुले एकाच ओळीत बसली पाहिजेत म्हणून सावरकर गावोगाव फिरले आणि त्यासाठी भांडले. रत्नागिरीला भागोजीशेठ कीर नावाचे उदार गृहस्थ होते. त्यांनी १९३१ मध्ये पतितपावन मंदिर बांधून दिले, तिथे कोणत्याही जातीच्या हिंदू माणसाला आत जाता येई. त्या वेळी अशी देवळे फार थोडी होती.

दुसरे काम शब्दांचे. त्याला ते भाषाशुद्धी म्हणत. इंग्रजांनी राज्य तर घेतलेच, आता त्यांचे शब्द येऊन आपले शब्द घालवतील, असे त्यांना वाटे. म्हणून परक्या वस्तूला आपला शब्द करायचा. ते वर्तमानपत्रांत लेख लिहीत आणि नवे शब्द सांगत. सगळे शब्द अगदी नवे नव्हते, काही जुने संस्कृत शब्द त्यांनी नव्या कामाला लावले. त्यांच्या नावावर जे शब्द सांगतात ते वाचून तुम्ही चकित व्हाल. आपण रोज फळ्यावर उजव्या कोपऱ्यात दिनांक लिहितो, तो शब्द. हजेरीतला क्रमांक. मुख्याध्यापक. खेळायला सोडतात ते क्रीडांगण. मुंबईचे महापौर आणि महापालिका. सिनेमाचे तर पुष्कळच आहेत. चित्रपट, बोलपट, दिग्दर्शक, वेशभूषा, मध्यंतर. टेलिफोनला दूरध्वनी, रेडिओला नभोवाणी, लाउडस्पीकरला ध्वनिक्षेपक आणि टेलिव्हिजनला दूरदर्शन. देशासाठी मरण आलेल्याला हुतात्मा म्हणतात, तोही त्यांचाच सांगतात. मुंबईचा हुतात्मा चौक आणि पालघरचा हुतात्मा स्तंभ सगळ्यांनी पाहिलाच असेल. १९४२ च्या चळवळीत पालघरला गोळीबार झाला होता, त्याची आठवण म्हणून तो आहे.

त्यांनी अक्षरेसुद्धा बदलायची ठरवली होती. छापखान्यात मराठीचे खिळे फार लागतात, ते कमी व्हावेत म्हणून. इ, ई, उ, ऊ, ए, ऐ ही अक्षरे काढून टाकायची आणि अ लाच काना, मात्रा, वेलांटी द्यायची. म्हणजे अि, अी, अु, अू, अे, अै. त्यांची काही जुनी पुस्तके अशीच छापलेली आहेत. पहिलीतल्या मुलांना हे फार आवडले असते कारण पाठांतर कमी. पण लोकांनी ते घेतले नाही. आपण अजून इ आणि उ च काढतो.

सगळे शब्दही लोकांनी घेतले नाहीत. नभोवाणी कोणी बोलत नाही, रेडिओच म्हणतात. सावरकरांना फारसी आणि अरबी शब्दही मराठीतून काढायचे होते. ते शब्द तर शेकडो वर्षांपासून आपल्या घरात राहत आहेत. त्या वेळी पुष्कळ विद्वानांनाही हे पटले नव्हते आणि मलाही पटत नाही. गुरुजींच्या मदतीने मी शोधले. कागद फारसी. दप्तर फारसी. शाई फारसी. खुर्ची आणि हजेरी अरबीतून आलेले. आपल्या शाळेच्या पाटीवर जिल्हा परिषद आहे, त्यातला जिल्हा अरबीतून आला आणि परिषद संस्कृत. दोघे एकाच पाटीवर नीट बसले आहेत. माझ्या दप्तराला दुसरे कुठलेही नाव दिले तरी ते मला माझे वाटणार नाही.

पोर्तुगीज शब्द तर आपल्याला जवळचे, कारण आपल्या गावचा किल्ला त्यांच्याकडे होता. तो १७३९ मध्ये मराठ्यांनी घेतला. पोर्तुगीज गेले पण त्यांची चावी राहिली, बादली राहिली, पाव राहिला, पगार राहिला आणि हापूसही राहिला. तुरुंग हा शब्दसुद्धा पोर्तुगीजांचाच. म्हणजे इंग्रजांनी सावरकरांना ज्याच्यात टाकले त्याचे मराठी नाव पोर्तुगीज होते.

आणखी एक मजा. लांबचे बघायला दुर्बीण असते ना, तो शब्द फारसी आहे. फारसीतही दूर म्हणजे दूरच आणि बीन म्हणजे पाहणारा. टेलि-व्हिजन, दूर-बीन, दूर-दर्शन. तिन्ही शब्द एकसारखेच बांधलेले. तीन मुलखांतल्या माणसांना एकच गोष्ट हवी होती, की जागेवर बसून लांबचे दिसावे.

१९३७ मध्ये सरकारच्या अटी सुटल्या. नंतर ते हिंदुमहासभेचे अध्यक्ष झाले. १९३८ मध्ये मुंबईला मराठी साहित्य संमेलन झाले, त्याचेही अध्यक्ष तेच होते. ते मुंबईत दादरला शिवाजी पार्कजवळ राहत. १९४८ मध्ये गांधीजींचा खून झाला तेव्हा त्यांनाही पकडले होते. खटला चालला आणि १९४९ मध्ये न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. बिल्ल्यावरचे १९६० साल आले तेव्हा ते आपल्या घरी होते आणि देश स्वतंत्र होऊन तेरा वर्षे झाली होती.

शेवटी त्यांनी अन्न आणि औषध घेणे आपणहून थांबवले. २६ फेब्रुवारी १९६६ रोजी मुंबईत ते वारले. वय ८२ होते.

आता शब्दाचे पुढे काय झाले ते सांगते, कारण माणूस गेला तरी शब्दाची गोष्ट अजून चालूच होती. दिल्लीला टीव्ही १५ सप्टेंबर १९५९ रोजी सुरू झाला होता. मुंबईला २ ऑक्टोबर १९७२ रोजी आला. म्हणजे सावरकर राहत त्या दादरच्या घरांतून मुंबईचे पहिले कार्यक्रम लोकांनी पाहिले तेव्हा त्यांना जाऊन सहा वर्षे झाली होती. वरळीला उंच मनोरा आहे, तिथे केंद्र झाले. आधी टीव्ही आकाशवाणीच्याच हाताखाली होता. १ एप्रिल १९७६ रोजी त्याला वेगळे केले आणि सरकारने त्याचे नाव दूरदर्शन ठेवले. मग हा शब्द मराठीपुरता न राहता सगळ्या भारतात गेला. तमिळ लोकही म्हणू लागले, बंगालीही म्हणू लागले. पण त्यामुळे असे झाले की दूरदर्शन म्हणजे सरकारी वाहिनी, आणि भिंतीवरच्या वस्तूला मराठी पुस्तकात दूरचित्रवाणी असा वेगळा शब्द आला. तो बोलताना जीभ अडखळते. चौथीच्या वर्गात मी सगळ्यांना पटापट पाच वेळा म्हणायला लावला, फक्त तिघांना जमला.

मोबाइलला भ्रमणध्वनी म्हणतात, तो शब्द दूरध्वनीवरून नंतरच्या लोकांनी केला. लग्नपत्रिकेवर तो छापतात, बोलत मात्र कोणी नाही.

आमच्या आजीच्या लहानपणी आळीत एकाच घरी काळापांढरा टीव्ही होता आणि रविवारी सगळे तिथे अंगणात बसायचे. तिला अजून कुठलीही वाहिनी लावली तरी ते दूरदर्शनच असते. बाबा टीव्ही म्हणतात. धाकट्या भावाला नीट बोलता येत नाही, तो टीईई म्हणतो आणि आजी लगेच रिमोट त्याच्यापासून लपवते.

– इयत्ता चौथी, शिरगाव